नाव झाकून भांडं जाणार नाई

शकुबाईच्या तोंडाला लागायचं नाही, हे बोरटोल्यातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. वैनगंगेच्या काठचं गाव, आणि गावाच्या खालच्या टोकाला सरकारनं बांधलेलं समाजमंदिर. बांधून चार वर्षं त्यात शेळ्या बसल्या आणि रिकामटेकडे पत्ते कुटत राहिले. एका सकाळी शकुबाईनं शेळ्या हाकलल्या, पत्ते चुलीत घातले आणि दाराला आपलं कुलूप ठोकलं. "ज्याले बोलाचं हाय त्यानं माह्या तोंडावर बोलावं!" कोण बोलतो!

पण कुलपानं मंदिर चालत नाही. तेंदूपानाच्या दोन हंगामांतली मजुरी बाजूला टाकून अकरा बायांनी जेवणावळीची भांडी घेतली. भाताचे सहा मोठे पितळी गंज, वाढायच्या बादल्या, झारे, वर बसायला दऱ्या. ही भांडी लग्नाकार्याला भाड्यानं जायची आणि त्या भाड्यावर बालवाडीतल्या लेकरांची खिचडी शिजायची, दोन शिवणयंत्रं चालायची, संध्याकाळच्या वर्गातला कंदील जळायचा. पन्नाशीतली शकुबाई त्याच वर्गात अक्षरं शिकली. तिनं सगळ्यांत आधी काय वाचलं असेल, तर गंजाच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरून घेतलेलं नाव. बौद्ध महिला मंडळ, बोरटोला.

खालच्या वस्तीत भांडी सारखी फिरत. पलीकडच्या गोंडांच्या टोल्यावरही जात. वरच्या आळीचे लोक मात्र मूल गावच्या दुकानातून बैलगाडीनं भांडी आणत. बैलांची कंबर मोडो, गाडीचं चाक मोडो, पण या गंजातला भात नको.

शहाऐंशी सालच्या वैशाखात गुणवंतरावाच्या मुलीचं लग्न निघालं. गुणवंतराव म्हणजे साठ एकर धानाचा धनी. खालची अर्धी वस्ती त्याच्याच शेतांत, बांध्यांत राबायची. आदल्या दिवशी दुपारी कळलं की मूलच्या दुकानदारानं भांडी दुसऱ्यालाच देऊन टाकली. इकडे चारशे पान उठायचं होतं. गुणवंतरावाचा गडी मुखरू समाजमंदिरात आला, तोही मागच्या दारानं.

"शकुबाई, मालकाले गंज पायजेत."

"मालकाले पाय नाईत काय? समोरच्या दारानं ये म्हणा."

मुखरू घुटमळला. "पाहुणे जुन्या वळणाचे हायेत, बाई. नाव वाचतीन. मालक म्हणते, गळ्यापावेतो माती थापून द्या. कोणाले दिसणार नाई."

चुलीवर चढवण्याआधी गंजाच्या बुडाला ओल्या मातीचा लेप देतातच, काजळी धरू नये म्हणून. पण बुडाला! गळ्याला माती कोण लावतो? शकुबाई पेटलीच. "भात आमच्या गंजातला चालते अन् नाव नाई चालत? सांग जा तुह्या मालकाले. नाव झाकून भांडं जाणार नाई!"

समाजमंदिराच्या समितीचा अध्यक्ष सोमाजी हात जोडत आला. गावात राहायचं आहे, उगा वैर कशाला, म्हणाला. तिनं त्यालाही झाडलं. सोमाजी आला तसा परत गेला, पण कुलपाची दुसरी चावी त्याच्याकडे होती. लग्नाच्या दिवशी सकाळी शकुबाई तेंदूपानं तोडायला जंगलात गेली आणि इकडे यानं दार उघडून दिलं.

ती परतली तेव्हा दाराला कुलूप होतं आणि आत नुसत्या भिंती. पानांचा गठ्ठा तिथंच टाकून ती तरातरा वरच्या आळीत गेली.

मांडवात पहिली पंगत बसत होती. चुलींपाशी सहाही गंज गळ्यापर्यंत माती लिंपून उभे. तिच्या ओठांवर शिव्या आल्या होत्या. तेवढ्यात नवरी दिसली, हळदीनं पिवळी झालेली, रडून डोळे सुजलेली. या पोरीनं काय केलं होतं? शकुबाई मांडवाबाहेर एका दगडावर बसली. गुणवंतरावानं तिला पाहिलं. त्यानं मुखरूच्या हाती लाडू पाठवले. तिनं हात लावला नाही.

पंगतीवर पंगत उठली. वाढपी आग्रह करत होते, पाहुणे ढेकरा देत होते. शेवटची पत्रावळ उचलल्यावर ती उठली, विहिरीवरून बादलीभर पाणी आणलं आणि सगळ्यांत पुढच्या गंजावर ओतलं. हातानं माती खरवडली. पितळ चमकलं, अक्षरं उघडी पडली.

"हे काय लिवलं हाय?" नवरदेवाच्या आज्यानं विचारलं. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं.

"दुकानाचं नाव हाय," गुणवंतराव घाईघाईनं म्हणाला.

"दुकानाचं?" शकुबाईनं बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. मग ती गुणवंतरावाकडे वळली. "आता तुमच्या तोंडानं सांगा. कोणाचे गंज हायेत?"

तो पुटपुटला.

"आयकू नाई आलं!"

"बौद्ध महिला मंडळाचे!" तो ओरडला.

म्हातारा मांडवामागे धावला आणि घशात बोटं घालू लागला. सात लाडू रिचवलेला माणूस, काय ओकतो! शकुबाई हसली. मनापासून, खदखदून हसली. इतकं सुख तिला जन्मात झालं नव्हतं. मंडळाच्या बायांना बोलावून तिनं गंज डोक्यावर घेतले आणि भर आळीतून मंदिरात परत आणले.

मृगात पाऊस पडला, आषाढात धानाची रोपं लावायचा रोवणा लागला. गुणवंतरावानं रोवण्याला नदीपलीकडून बाया आणल्या. अकरा जणींपैकी एकीलाही त्याच्या बांधीत पाय ठेवू दिला नाही आणि त्याचं पाहून बाकीच्या धन्यांनीही नाही. बाया कोसभर चालत दुसऱ्या गावी काम शोधू लागल्या. कधी मिळे, कधी नाही.

एका सकाळी रुखमा मंदिरात आली. मंडळातली सगळ्यांत लहान बाई. नवरा अंथरुणाला खिळलेला, पदरात दोन लेकरं. शकुबाईनं तिला बस म्हटलं. ती बसली नाही.

"मालकाले बोलतं केलं तुमी. लय चांगलं वाटलं मले, खोटं कायले बोलू. पण त्याच्या बांधीतलं काम गेल्यावर माह्ये लेकरं काय खातीन, हे तुमी मले आधी इचारलं काऊन नाई?"

साऱ्या गावाला गप्प करणारी शकुबाई. ती नुसती उठून दारापर्यंत आली. रुखमानं तोवर दुसऱ्या गावची वाट धरली होती.