खिडकीतून मोजलेली तूर

ही गोष्ट मी बायकोला अर्धीच सांगितली आहे, आणि ती अर्धीही खोटी आहे. पूर्ण कुणालाच सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतो – म्हणजे जमतं का बघतो. विषय निघाला की मी भाषण ठोकायला लागतो, तशी सवयच जडली आहे.

भाषण कशावर? खुल्या विज्ञानावर! वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजात कार्यशाळा असो, शाल-नारळ घ्यायला मी हजर. संशोधन लोकांच्या पैशातून होतं, मग ते वाचायला लोकांनी पुन्हा पैसे का भरायचे? आणि नुसते निष्कर्ष नकोत, कच्चे आकडेही मांडा – ज्याला तपासायचे त्याला तपासू द्या! टाळ्या पडायच्या. मलाही ते मनापासून पटायचं. अजूनही पटतं, तीच तर पंचाईत आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, त्यातलं ब्रह्मज्ञान माझं अगदी अस्सल होतं.

माझी पीएच.डी. तुरीवरच्या मर रोगावर. उभं झाड बघता बघता वाळतं, तो हा रोग. मेडशीच्या बाजूच्या शेतांत शिरायचं आणि ओळीओळीने वाळलेली झाडं मोजायची, एवढंच काम. सुरुवातीला शिरलोही. पण ती काळी माती, तो चिखल! एकदा बूट असा रुतला की मी घरी आलो आणि बूट तिथेच राहिला. त्यानंतर मी – कसं सांगू? – एसटीतून खाली उतरलोच नाही. खिडकीतून मोजली. बस गतिरोधकावर हळू झाली की मोज, थांब्यावर थांबली की मोज. परतताना झोपायचो. कंडक्टरने एकदा न राहवून विचारलं, "सर, रोज त्या वावराकडे काहून पाहून राह्यले? घ्याचं हाय का?"

आता सांगा, हे आकडे खुले कसे करणार? आकड्यांबरोबर शेतांची ठिकाणं द्यावी लागतात. नकाशावर टाकली तर माझी सगळी शेतं रस्त्याला चिकटलेली, आणि सगळी डाव्या हाताला. का? तर सकाळच्या बसमध्ये उजवीकडून ऊन यायचं. शेंबडं पोरही विचारेल, सर, हा रोग डावखुरा हाय का?

तर मी ते दाबून ठेवले. शोधनिबंध छापला, गोळाबेरीज तेवढी दिली. कुणी काही विचारलं नाही. मग नौशीन आली.

नौशीन मंगरूळपीरची, घरचं किराणा दुकान. माझं भाषण ऐकून ती माझ्या हाताखाली संशोधनाला आली. हो, भाषण ऐकूनच! मधल्या वर्षांत मर वाढला की घटला, हे तिला शोधायचं होतं. "सर, तुमची कच्ची फाइल भेटली त माह्यं वर्ष वाचंल," ती म्हणाली. "घरचे लग्नासाठी मांगं लागून राह्यले."

मी म्हणालो, विभागावर वीज पडली, कॉम्प्युटर जळाला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यासाठी! आणि दुसऱ्या दिवशी म्हणते, "सर, माह्या भाऊचं रिपेरिंगचं दुकान हाय. हार्डडिस्क द्या, तो जळेल डिस्क भी उघडते."

जळालेली हार्डडिस्क आणायची कुठून? भंगारातून एक जुनी आणली आणि घरी तव्यावर भाजली. बायको दारात उभी. "हे काय शेकून राह्यले जी?" मी म्हणालो, ओल धरली आहे. पुढे बरेच दिवस पोळ्यांना प्लास्टिकचा वास येत होता. भावाने ती डिस्क हळहळत परत पाठवली, आणि मी सुटलो. मी सुटलो, म्हणजे नौशीन अडकली.

ती शेतांत उतरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, पार नाल्यापर्यंत. वर्ष वाचलं नाहीच, वरून आणखी वर्षं गेली. अकोल्याचं चांगलं स्थळ आलं होतं, ते थांबलं नाही. शेवटी तिने आपले आकडे माझ्या छापील आकड्यांशेजारी ठेवले – आणि मर भयंकर वाढलेला निघाला. का वाढला असेल? पोरीने त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं. बदललेला पाऊस, बदललेलं बियाणं, जमिनीचा कस. मन लावून, रक्त आटवून लिहिलं. मार्गदर्शक म्हणून माझी सही हवी होती. वाचताना मला सगळं दिसत होतं. लाज वाटली – आणि तरी मी सही केली.

तिने सगळं खुलं करून टाकलं आहे. प्रबंध, कच्चे आकडे, शेतांची ठिकाणं. कुणीही फुकट वाचावं. लोक वाचतातही, गावोगावच्या शेतकरी मेळाव्यांत तिच्या नावानिशी सांगतात की आपल्याकडे मर वाढला. पहिल्या पानावर तिने माझे आभार मानलेत.

खिडकीतून तुरीची वरची हिरवळ दिसते, आतलं वाळलेलं झाड दिसत नाही. नौशीन, मर वाढलेला नाही. तो तेव्हाही एवढाच होता. मी बसमधून उतरलो नव्हतो.