बिनतिकिटाचा बाप

मी एसटीत कंडक्टर. तिकिटाशिवाय कुणी सीटवर बसलेलं मला खपत नाही, मग तो कितीही मोठा माणूस असो. स्वतःच्याच घरात आपण बिनतिकिटाचे ठरतो की काय, ही धास्ती मात्र मला लग्नानंतर लागली.

बायकोचं हे दुसरं लग्न. पहिला नवरा आजारानं गेला तेव्हा तिला दिवस गेलेले होते. तिच्या भावानं मला विचारलं, मी तिला भेटलो आणि पाचव्या महिन्यात आम्ही लग्न केलं. ती मला आवडली होती, यात उपकार वगैरे काही नाही. पण आठवडा झाला नाही तोच तिच्या आधीच्या सासरचा, गडहिंग्लजकडचा निरोप आला, ‘मूल आमच्या रक्ताचं, जन्मलं की आणून सोडा.’ बायकोनं दोन दिवस धड घास घेतला नाही. माझं डोकं फिरलं. सुट्टीच्या दिवशी तडक वकीलबाईंचं ऑफिस गाठलं.

“मॅडम, हे बाळ माझं हाय असा कागद करून द्या. स्टॅम्पवर.”

त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. “पावणं, कागद कशाला? लग्न टिकून असताना बायकोला मूल झालं की ते नवऱ्याचं, असं कायदा धरूनच चालतो. न्हाय म्हणणाऱ्यानं पुरावा आणायचा, आणि तो सहजासहजी मिळत न्हाय.”

“पण कागद?”

“न्हाय लागत.”

“मग शिक्का तरी?”

त्या हसून हसून बेजार झाल्या. मला रागच आला. एवढं माणूस घरात येणार आणि त्याचा साधा चिठोराही नाही!

मुलगी झाली. दवाखान्यात फॉर्म भरणाऱ्या नर्सनं विचारलं, “नवऱ्याचं नाव?” मी सांगितलं. तिनं ते बापाच्या रकान्यात लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेली. मी उलटतपासणीची तयारी करून उभा होतो, पण तिला वेळच नव्हता. मी अख्ख्या दवाखान्यात पेढे वाटले.

गल्लीला मात्र भरपूर वेळ होता. पोरीचं नाक सरळ, माझं बसकं. पाळण्यात डोकावणारी प्रत्येक शेजारीण हमखास विचारायची, “नाक कुणावर गेलंय हो?” मी एक-दोघींशी भांडूनही घेतलं.

पोरगी दोन महिन्यांची असताना गडहिंग्लजला एक म्हातारी माझ्या गाडीत चढली. कोल्हापूरचं तिकीट घेतलं आणि हळूच म्हणाली, “तुमी आमच्या सुनेचं मालक न्हवं?”

मी पिशवीतली चिल्लर मोजायला लागलो.

“निरोप आमच्या थोरल्यानं धाडलता. मला बाळ नगं. निस्तं बघतो आनि माघारी फिरतो.”

कागलपर्यंत मी तिच्याकडे पाहिलंच नाही. मग वाटलं, वकीलबाई म्हणाल्या ते खरं असेल तर आपण भ्यायचं कशाला? पोरगी आपलीच आहे. ड्यूटी संपल्यावर मी तिला घरी घेऊन गेलो.

आधीच्या सासूला पाहताच बायको “आत्ती!” म्हणाली आणि रडायलाच लागली. मी पोरीला उचलून म्हातारीच्या मांडीवर ठेवलं. ती कितीतरी वेळ तो चेहरा न्याहाळत राहिली. त्यात ती कुणाला शोधत होती, ते मला कळत होतं. दारात शेजारणी जमल्याच होत्या. म्हातारीनं मान वर केली, माझ्या बसक्या नाकाकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “नाक बापावर गेलंया की! ह्या आमच्या पावण्यावर!”

धडधडीत खोटं. शेजारणी एकेक करून पांगल्या आणि मला भडभडून आलं.

संध्याकाळी तिला गाडीत बसवताना मी म्हणालो, “आज्जी, लेकाचा एखादा फोटो असंल तर द्या. पोरगी मोठी झाली की दावायला पायजे.”

तिनं डोळ्यांना पदर लावला. “पुढल्या खेपंला आनतो,” म्हणाली.

आता ती यायची असली की खिडकीजवळची जागा मी आधीच धरून ठेवतो. कुणी कुरकुरलंच, तर सांगतो, “आमच्या पोरीची आज्जी हाय.”