चार्जिंगला लावलेला परका फोन

एसटी स्टँडवर भिंतीतल्या एकुलत्या प्लगला फोन लावून माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी बाई उठल्या. "ताई, जरा लक्ष ठेवा हं. लेक बाळंतपणाला दवाखान्यात आहे. जावयाचा फोन आला तर उचला, मी पाणी भरून येते." आणि गेल्यासुद्धा.

प्रवासात मी फोन गळ्यात अडकवते, पॉवर बँक घरूनच भरून घेते, केबल वेगळ्या पाकिटात ठेवते. फोनला अंगठ्याचं कुलूप, आतल्या ॲपला आकड्यांचं. तरी दर थांब्याला हात पर्सकडे जातोच. आता या परक्या फोनसाठी जीव खालीवर होत होता. कुणी उचलून नेला तर? वायर सैल झाली तर? बाई कुठे अडकल्या? एवढी कुलपं मी घालते ती फोनसाठी, की त्याच्या पलीकडचं माणूस तुटू नये म्हणून? इतक्या वर्षांत हे कधी मनात आलं नव्हतं.

फोन वाजला. मी उचलला.

"आई, मुलगी झाली! दोघी बऱ्या आहेत."

"मी इथे शेजारी बसलेय हो," मी घाईने म्हटलं. "आई पाणी आणायला गेल्यात. तुम्ही दोन मिनिटांनी परत लावा, आणि मला सांगितलंत हे त्यांना सांगू नका."

बाई बाटली घेऊन धावतच आल्या. "आला का हो?"

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला.

"तुमचाच आहे, घ्या," मी म्हटलं आणि वायर निघू नये म्हणून हाताने दाबून धरली.