कापलेला खोकला

हिंगणघाटच्या जिनिंग कारखान्याजवळून जाताना रुईचा कोंदट वास नाकात शिरला की माझं डोकं अजून सणकतं. तिथे कापूस निवडणारी एक बाई आमच्या रेडिओवर, गप्पांच्या कार्यक्रमात, कामगारांच्या तब्येतीवर बोलायला आली होती. पदराला रुई चिकटलेली आणि दर वाक्याला खोकला. रेकॉर्डिंग ऐकून साहेब म्हणाले, "मॅडम, तेवढा खोकला काढून टाका. लोक रेडिओ बंद करतील." मी निमूट बसून एकेक खोकला कापला. आवाज किती स्वच्छ आला म्हणून सगळ्यांनी माझं कौतुकही केलं. कार्यक्रम लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती बाई स्टुडिओच्या दारात उभी होती. आवाज न चढवता म्हणाली, "ताई, माहा खोकला काऊन कापला? दवाखान्यासाठी सुट्टी मागतली तं मालक म्हनते, रेडिओवर तं चांगली ठनठनीत बोलली, तुले काय झालं?" साहेब आत चहा पीत बसले होते, बाहेरसुद्धा आले नाहीत. त्यांच्यावरचा राग मी इतकी वर्षं भेटेल त्याला ऐकवत आले. कापणारं बोट माझं होतं, हे मात्र आज पहिल्यांदा सांगते आहे.