दोन हात तार

आबांना बोट दाखवून बोलताना मी एकदाच पाहिलं. एरवी विजेच्या आवारात ते हात पाठीमागे बांधून फिरत. चुकूनसुद्धा हात चालू तारेकडे जायला नको म्हणून. पुढे ती सवय अंगातच मुरली. लग्नाच्या पंगतीत मीठ हवं असलं तरी हनुवटीनेच दाखवायचे. वाढपी गोंधळून पापड वाढायचा, आम्ही हसायचो आणि आबा अळणी भात मुकाट जेवायचे.

आबा मूळचे वडिवळ्याचे, भातशेतीतले. कुसगावच्या अंगाला आमचं वीजकेंद्र होतं. तिथे ते मिस्त्री होते आणि मी तळेगावचा, नकाशे काढणारा. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. माझ्या रेघा सरळ येत, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

ट्रान्सफॉर्मर कसा राखतात हे मला पुस्तकातून कळलं नाही, आबांनी खाचराच्या बांधावर बसवून सांगितलं. "वरनं पानी किती आलं अन् खालनं किती गेलं, येवढंच बघायचं. कमी भरलं का समजायचं, मधी खेकड्याचं बीळ हाय." ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंना वीज मापणाऱ्या सीटी बसवायच्या. दोन्हींचा मेळ बसला नाही की त्यांना जोडलेला रिले आपोआप स्विच पाडून वीज तोडतो. दोन सीटींच्या मधलं तेवढं राखलं जातं. बाहेर काही का होईना, रिलेला त्याचं सोयरसुतक नाही.

नवा ट्रान्सफॉर्मर आला तेव्हा लाइनच्या बाजूच्या सीटी तेलाच्या स्विचपलीकडे हव्या होत्या, म्हणजे स्विचही राखणीत आला असता. पण तिथे पाया खणताना काळा पाषाण लागला. तो फोडायला पंधरा दिवस गेले असते आणि साहेबांना घाई. त्यांनी सीटी स्विचच्या अलीकडे, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला घ्यायला सांगितल्या. मी तशा काढल्या.

आबा माझ्या टेबलाशी आले. त्या दिवशी पाठीमागचा हात पुढे आला. स्विच आणि सीटी यांच्यामधल्या रेघेवर बोट टेकून म्हणाले, "ही दोन हात तार कुनाची, भाऊसाहेब? हितं भडकलं तर आपला रिले बघत बसंल. लांबच्या ठेसनातनं लाइन बंद हुईस्तवर जाळच."

साहेबांनी ठरवलंय, मी काय करणार, असं मी म्हणालो. आबांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी आपली हरकत मला कागदाच्या कडेला लिहायला लावली. मी पेन्सिलीने लिहिली. पक्की प्रत ट्रेसिंगच्या कापडावर शाईने काढतात, आणि कडेचं पेन्सिलीचं तीत कुणी उतरवत नाही. मीही उतरवलं नाही. साहेबांकडे कापडच गेलं. आबांना वाटलं, साहेबांनी वाचलं असेल.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी त्याच दोन हातांत भडका उडाला. रिले गप्प राहिला. त्याने बरोबरच केलं, ते त्याच्या हद्दीबाहेरचं होतं. आबा स्विचपाशी तेल बघायला गेले होते. लाइन बंद होण्याआधीच स्विचची तेलाची टाकी फुटली. माणसं धावली, मी धावलो नाही. खिडकीत पट्टी हातात धरून उभा राहिलो. आबा गेल्याचं कळल्यावर दुपारी डबासुद्धा खाल्ला. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

चौकशीला टेबलावर माझं स्वच्छ कापड पसरलं होतं. सीटींच्या जागेबद्दल कुणाची हरकत होती का, असं मला विचारलं. नकाशावर तरी नाही, असं मी सांगितलं. पेन्सिलीचा कागद माझ्या खणात होता. मिस्त्रीचा निष्काळजीपणा, असा शेरा पडला.

वर्षश्राद्धाला वडिवळ्याला गेलो. आबांच्या पत्नींनी मला पहिल्या पंगतीत बसवलं, आग्रह करकरून वाढलं. निघताना दारापर्यंत आल्या.

"भाऊसाहेब, त्यांचं काई चुकलं व्हतं का?"

मी नाही म्हणालो.

"मग तेवढं सायबाला सांगा. मान्सं काई बी बोलत्यात, पोरींना लागतंय."

सांगतो म्हणालो, आणि सांगितलं नाही.