विहीणबाईंची जागा

पद्माताई मगदूम दुपारी झोपत नाहीत. जेवण झालं की नुसत्या डोळे मिटून पडतात, असं त्यांचं म्हणणं आहे. घोरण्याचा आवाज येतो तो शेजारच्यांचा असावा. आजही त्या आरामखुर्चीत पाय लांब करून पडल्या आहेत, समोर टीव्ही बारीक आवाजात चालू आहे आणि आत सूनबाई सुवर्णा भांडी जरा जास्तच जोरात मांडणीवर लावते आहे. उन्हाळ्यापासून या घरात बोलायचं काम भांड्यांवरच पडलं आहे. सुवर्णा सासूशी बोलते ते ‘वाढलंय’ आणि ‘गोळी घ्या’ एवढंच, आणि पद्माताई कारण विचारत नाहीत, कारण त्यांना ते माहीत आहे.

टीव्हीवर कुणी बाई रडते आहे. पापण्या जड होतात. रडणं लांब जातं, परत जवळ येतं, आतली भांडी एकदम गप्प होतात आणि शेजारच्या वेताच्या खुर्चीतून कुणीतरी म्हणतं, “ग्लिसरीन घालून रडायलीय ती. बदला की ओ ते.”

पद्माताई डोळे न उघडताच ओळखतात. दुसऱ्याच्या घरात बसून दुसऱ्याच्या टीव्हीला असा हुकूम सोडणारी बाई सगळ्या सांगलीत एकच होती. तिच्या तेराव्याचं जेवण पद्माताई स्वतः जेवून आल्या आहेत.

“तुम्ही गेलाय, विहीणबाई,” त्या म्हणतात.

“माहितीय मला. सगळं उशिरा कळायची खोड तुमची. मला सांगू नका.”

शकुंतला चौगुले ही सुवर्णाची आई. सुवर्णाला बघायला मगदूम मंडळी गेली होती तेव्हा पोहे बाहेर येईपर्यंत या दोघी बायकांचं एका सिनेमावरून वाजलं होतं. शेवटी नायिकेनं नवऱ्याला माफ करायला नको होतं, असं पद्माताईंचं मत. तुम्हाला सिनेमा समजलाच नाही, असं शकुंतलाबाईंचं. दोघी इतक्या रंगल्या की पोरगा-पोरगी गच्चीवर जाऊन निवांत बोलून आली आणि लग्न ठरलं. पुढे दोघींच्याही कपाळाचं कुंकू गेलं, गुडघे गेले, पण दर गुरुवारचा मॅटिनी गेला नाही. एकीनं सिनेमा सुचवायचा आणि दुसरीनं तो बघून त्याची पार सालटी काढायची. पटत नव्हतं म्हणूनच दोघी एकत्र जायच्या. पटणाऱ्या माणसाबरोबर सिनेमा बघून नंतर करायचं काय?

“उठा,” शकुंतलाबाई म्हणतात. “जागा जातील.”

पद्माताई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठतात, आणि सरळ उभ्या राहतात तेव्हा त्या रांगेत आहेत. रांग दीपलक्ष्मी टॉकीजची आहे, भिंतीवर पानाचे डाग तेच आहेत, पण खिडकीच्या आत बँकेतला तो चष्मेवाला कारकून बसला आहे. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात उभं करतो, तोच.

“हयातीचा दाखला?” तो विचारतो.

पद्माताई खिडकीत तोंड दाखवतात. तो बघतो, मान हलवतो, तिकीट फाडतो. शकुंतलाबाई मागून कोपरानं ढकलून पुढे येतात.

“मी यांच्याबरोबर आहे. मुलीकडची आहे म्हणून मागं ठेवू नका.”

“तुमचा दाखला नाही, बाई.”

“माझा कशाला लागतोय? मी काय भुतासारखी रात्रीच्या खेळाला आलेय?”

कारकून जरा विचार करतो. “इंटरव्हलपर्यंत चालतंय,” तो म्हणतो.

पद्माताई ‘म्हणजे काय?’ म्हणून विचारणार असतात. पण शकुंतलाबाई त्यांच्या दंडाला धरून आत ओढतात. हात गार नाही, गरम नाही, नुसता घट्ट आहे. आत थिएटर भरलेलं आहे आणि एकही माणूस नाही. प्रत्येक खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरलेली आहे. पांढरे, चौकड्यांचे, एकदोन टॉवेलही. मधल्या रांगेत दोनच खुर्च्या रिकाम्या आहेत. शकुंतलाबाई कमरेचा रुमाल काढून खुर्ची झटकतात, तो परत कमरेला खोचतात, मग बसतात. हा रुमाल त्यांच्या नवऱ्याचा, निळ्या काठाचा, मोठा. बायकांच्या रुमालानं जागा धरली जात नाही, लोक उचलून फेकतात, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते बरोबर होतं हे पद्माताईंनी कधी कबूल केलं नाही.

“कुठला लावलाय?”

“दुसरा कुठला लावणार? तुम्हीच सुचवलेला. ‘आतून कडी’.” शकुंतलाबाई नाक मुरडतात. “जन्मात एक सिनेमा धड सुचवला नाहीत. मी तुम्हाला रडवणारे सांगितले, हसवणारे सांगितले. तुम्ही मला सांगितला तो असला. बंगला, पाऊस, एकटी बाई.”

“बघायचा नव्हता तर यायचं नव्हतं.”

“आले म्हणून तर ही वेळ आली.”

पडदा उजळतो. बंगला, पाऊस, एकटी बाई. ती दिवा घेऊन जिना उतरते. बाहेरून दार वाजतं. बाई थबकते. दार पुन्हा वाजतं. तिचा हात वर जातो, कडीपर्यंत पोचतो, आणि फटकन दिवे लागतात.

“बघितलंत?” शकुंतलाबाई गरकन वळतात. “गेल्यापासनं एवढंच बघतेय मी. दार वाजतं, हात वर जातो, दिवे लागतात. समोसेवाला येतो, समोसे गार. की परत पहिल्यापासनं बंगला आणि पाऊस. डोकं फिरायची वेळ आलीय माझी. कोण आहे दाराबाहेर?”

पद्माताई पदर सारखा करतात.

“तुम्ही बघितलाय शेवट. मी घरी गेले, तुम्ही बसलात. सांगा.”

“ओळखा की तुम्हीच. इंटरव्हलला शेवट ओळखायच्या ना तुम्ही? सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगायच्या. माझे किती सिनेमे नासवलेत त्याचा हिशेब आहे का?”

ही गोष्ट खरी आहे. शकुंतलाबाई समोसा खाता खाता खुनी कोण ते सांगत आणि त्या कधीच चुकत नसत. मागच्या रांगेतली माणसं चिडून उठून जात. पद्माताईंना उठून जाता येत नसे, नात्याचा प्रश्न होता.

“नवरा आहे तिचा,” शकुंतलाबाई म्हणतात. “मेला मेला म्हणतात तो मेलेला नाही.”

“चुकलात.”

“मग दीर. त्याची नजर पहिल्यापासनं बंगल्यावर आहे.”

“चुकलात.”

“पोलीस. नाही? मग कुणीच नाही, नुसतं वारं आहे.” शकुंतलाबाईंचा चेहरा लाल होतो. मेलेल्या माणसाचा चेहरा लाल होतो हे पद्माताईंना नवीनच आहे. “खोटं बोलायलाय तुम्ही! मी चुकत नसते.”

पद्माताईंना इतकं बरं वाटतं की त्यांना स्वतःचीच लाज वाटते. किती वर्षं या एका शब्दासाठी त्या तिष्ठल्या होत्या. चुकलात. त्या तो पुन्हा एकदा, चवीनं म्हणतात.

“तुमच्यासारखी दुष्ट बाई बघितली नाही,” शकुंतलाबाई म्हणतात आणि आवाज एकदम खाली आणतात. आवाज खाली आला की त्या नेमकं वर्मावर बोट ठेवतात, हे पद्माताईंना पक्कं ठाऊक आहे. “छातीत जळजळतंय म्हणून मी उठले. समोसा बाधला म्हटलं. तुम्ही का नाही उठलात?”

“तुम्हीच म्हणालात, बसा म्हणून. दोघींनी कशाला सोडायचा, शेवट कोण सांगणार मला, असं म्हणालात. या तोंडानं म्हणालात.”

“म्हणाले. मी म्हणाले!” शकुंतलाबाई उभ्या राहतात. “अहो, लग्नात हार कुठला घ्यायचा ते ऐकलं नाहीत. पोरीचं बाळंतपण माझ्याकडं करू म्हटलं, ते ऐकलं नाहीत. डाळीत गूळ घालू नका म्हणून कंठशोष केला. जन्मात माझा एक शब्द ऐकला नाहीत, विहीणबाई. आणि नेमका तेवढा ऐकलात?”

याचं उत्तर पद्माताई उन्हाळ्यापासून शोधतायत. त्या पडद्याकडे बघतात. पडद्यावर आता बंगला नाही. चौगुल्यांच्या फ्लॅटचं तपकिरी दार आहे, त्यावर शकुंतलाबाईंनी लावलेलं मण्यांचं तोरण आहे आणि दाराबाहेर चपलाच चपला आहेत. जिन्यावर पद्माताई स्वतः उभ्या आहेत. धापा टाकतायत, पण चेहऱ्यावर हसू मावत नाही. रिक्षात सगळा वेळ त्या मनाशी घोकत आल्या आहेत. आधी ओळखायला लावायचं, मग तीनदा चुकू द्यायचं, मग सांगायचं. चपला दिसतात तरी त्यांना वाटतं, बायका जमल्या असतील हळदीकुंकवाला. कुंकू पुसलेल्या घरात कुठलं हळदीकुंकू? पण वाटतं. त्या दार वाजवतात.

“नका वाजवू,” खुर्चीतल्या पद्माताई ओरडतात. पडद्यावरच्या ऐकत नाहीत.

आतून कडीवर हात पडल्याचा आवाज येतो आणि दिवे लागतात.

समोसेवाला येतो आणि जातो.

“शेवट सांगायलाच आलता होय मला?” शकुंतलाबाई विचारतात. राग आहे, पण त्याला आता धार नाही.

“पळत आले. या गुडघ्यांनी.”

“मग सांगा की आता. मी कुठं नाही म्हणतेय?”

“नाही सांगणार.”

“काय?”

“नाही सांगणार म्हटलं.” पद्माताई खुर्चीच्या हातावर थाप मारतात. “शेवट कळला की तुम्ही कधी थांबलाय? पडद्यावर नावं यायच्या आधी चपला शोधायला लागायच्या. सांगितला की चालल्या तुम्ही. मग गुरुवारी मी कुणाशी भांडू? त्या तुमच्या जावयाशी, अजितशी? त्याला सिनेमात झोप लागते. तुमची पोरगी तोंड उघडत नाही माझ्याशी. तुम्ही बसा इथंच. बसा त्या दारापाशी आणि डोकं फिरवून घ्या.”

“मला इंटरव्हलात डांबून ठेवणार तुम्ही?”

“ठेवणार.”

“जन्मभर?”

“कुठला जन्म, विहीणबाई?”

शकुंतलाबाईंच्या खांद्यांना हिसके बसायला लागतात. हसतायत की रडतायत ते पद्माताईंना कळत नाही, आणि ग्लिसरीन तर नक्कीच नाही. बाहेर खिडकीतला कारकून टेबलावर शिक्का आपटतो. “इंटरव्हल झाला!” तो ओरडतो.

“खोडसाळ बाई,” शकुंतलाबाई म्हणतात. त्या उठतात, कमरेचा निळ्या काठाचा रुमाल ओढून काढतात, खुर्चीवर टाकतात आणि त्याची चारी टोकं ओढून सरळ करतात. “जागा धरा माझी. कुणाला बसू द्याल तर याद राखा. आणि पुढच्या वेळी सिनेमा मी सांगेन तो.”

शिक्का पुन्हा आपटतो. तो पातेल्यावर झाकण पडल्याचा आवाज आहे.

पद्माताई डोळे उघडतात. टीव्हीवरची बाई रडायची थांबली आहे, तेलाची जाहिरात चालू आहे. उन्हं खिडकीवरून फरशीवर उतरली आहेत. त्या मान वळवतात. शेजारच्या वेताच्या खुर्चीवर निळ्या काठाचा मोठा रुमाल पसरलेला आहे, चारी टोकं सरळ.

हा रुमाल कपाटात होता, शालूच्या घडीत. त्या दिवशी सिनेमा संपल्यावर थिएटरातल्या रिकाम्या खुर्चीवरून त्यांनीच तो उचलून आणला होता, परत द्यायला म्हणून. कपाटाला कुलूप आहे. पद्माताई कमरेला हात लावतात. किल्ली जागच्या जागी आहे.

सुवर्णा चहाचा कप घेऊन बाहेर येते. कप ठेवते, खुर्ची ओढायला हात पुढे करते आणि तशीच थांबते.

“हा बाबांचा रुमाल आहे,” ती म्हणते. “हा कुठं होता, आत्या?”

“बसू नको तिथं. तुझ्या आईनं जागा धरलीय.”

आपण हे काय बोलून गेलो, असं पद्माताईंना होतं. सुवर्णा त्यांच्याकडे बघते. आता भांडण होणार, झालं तर बरंच, असं पद्माताईंना वाटतं. पण सुवर्णा हळूच खाली फरशीवर बसते आणि त्या खुर्चीच्या पायाला पाठ टेकते.

“आईनं रिक्षातनं फोन केला होता मला,” ती म्हणते. “म्हणाली, विहीणबाईंना बसवून आलेय शेवट बघायला. त्या उठत होत्या, मीच बसवलं. म्हणाली, दाराबाहेर नवराच आहे बघ, येऊ देत त्यांना, दाखवते.”

उठत होत्या. आपण उठत होतो, हे त्या स्वतःच विसरल्या होत्या.

“म्हणजे तुला ठाऊक होतं?”

“होतं.” सुवर्णाचा आवाज कडकच आहे. “तरी राग आला तुमचा. अजून येतोय. पण मग कोणावर काढू?”

“काढ की. मी कुठं नाही म्हणतेय?”

सुवर्णा नाक पुसते. “कोण होतं दाराबाहेर?”

पद्माताई रुमालाकडे एक नजर टाकतात. मग खुर्चीत सावरून बसतात आणि पहिल्यापासून सांगायला लागतात. बंगला, पाऊस, एकटी बाई. चवीनं सांगतात, मध्येच दोन शिव्या दिराला घालतात. सुवर्णा गुडघे पोटाशी घेऊन ऐकते. बाई जिना उतरते, दार वाजतं, हात कडीपर्यंत पोचतो.

“पुढं?”

“इंटरव्हल,” पद्माताई म्हणतात. “चहा गार झाला. दुसरा टाक.”