नारळाचं पाणी आणि उभं कॅबिनेट

गणपती नुकतेच बोळवले होते. पेणहून फोन आला, अनंतभाऊजी गेले. फोन ठेवला आणि मला आधी हसू आलं. रडू नंतर आलं, भरपूर आलं. पण भाऊजी म्हटलं की मला पापडांशेजारी वाळणारा मदरबोर्डच दिसतो, त्याला काय करू...

भाऊजी म्हणजे माझ्या सासूबाईंचे भाचे. पेणच्या रामवाडीत त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, पुढे ते कॉम्प्युटरही उघडू लागले. नव्वदीच्या दशकात मी रोह्याला कॉम्प्युटर क्लास काढायचं ठरवलं, तेव्हा सासऱ्यांनी पुढची खोली दिली, पण दिवाळीपर्यंतच. तोवर क्लास सुरू झाला नाही तर ती खताच्या दुकानाला जाणार होती. मुंबईहून कॉम्प्युटर आला, आडव्या कॅबिनेटचा, वर जाळी असलेला. दसऱ्याला सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि शेतातल्या पंपावर शिंपडावं तसं पाणी चालू कॉम्प्युटरवर शिंपडलं. फट् आवाज झाला नि पडदा काळा पडला.

"गप झाला गो," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मदरबोर्ड टॉवेलात गुंडाळून मी एसटीनं पेण गाठलं. भाऊजींनी तो नाकाशी नेला, "नारळ गोड होता हां वहिनी," म्हणाले आणि सरळ नळाखाली धरला! मी किंचाळलेच.

"गोड पाणी चिकटून बसलंय. धुतल्याबिगर निघायचं नाय ते."

मग मूर्तींचे डोळे आखणाऱ्या शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या कुंचल्यानं त्यांनी बोर्डाचा कानाकोपरा साफ केला आणि गच्चीवर जाऊबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, पोह्याच्या पापडांशेजारी उन्हात ठेवून दिला.

"अहो, ह्यो हिरवा पापड कुणाला तळून घालू?" जाऊबाईंनी विचारलं.

"वहिनींच्या सासऱ्यांना!"

बोर्डावरची तांब्याची एक रेघ जळाली होती. टेलिफोनच्या वायरीतला केसाएवढा धागा डाख देऊन त्यांनी ती सांधली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः रोह्याला येऊन बोर्ड बसवला. पडद्यावर अक्षरं उमटली तेव्हा सासरे दारातच उभे होते. "खतवाल्याला दुसरी जागा बघायला सांगतो," एवढंच बोलून ते आत गेले. माझा जीव भांड्यात पडला.

पुढे भाऊजी मला मुंबईला कॅबिनेट घ्यायला घेऊन गेले. मला आडवीच देखणी वाटायची. भाऊजी प्रत्येकाच्या आतल्या कडेवरून बोट फिरवायचे, कापलं की "पुढचं दाखवा" म्हणायचे. शेवटी वरून बंद असलेलं, उभं कॅबिनेट त्यांनी निवडलं. "आडवं घेतलंत तर आत्या त्याच्यावर देव्हारा मांडंल," म्हणाले. बोटाला पट्टी, नि चेहरा लग्न जमवून आल्यासारखा! सासूबाईंना त्यांनी ताकीद दिली, नारळ उंबऱ्याबाहेर फोडायचा आणि कॉम्प्युटरला नुसत्या अक्षता.

ती ताकीद आम्ही आजवर पाळली. आतले भाग बदलत गेले, क्लास वाढला, पण ते पिवळट पडलेलं कॅबिनेट अजून पहिल्या टेबलावर आहे, आणि दसऱ्याचा पहिला मान त्याचाच. यंदा सासूबाईंना मी हाताला धरून आणलं. आता त्यांना नीट दिसत नाही. उंबऱ्याबाहेर नारळ फोडला, तर त्यांनी वाटीत धरलेलं पाणी थेट त्या टेबलापाशी नेलं.

"आई, अहो, भाऊजींनी सांगितलंय ना..."

"ठाव हाय गो मला," कॅबिनेटवरून हात फिरवत त्या म्हणाल्या. "बिघडला तर येल तरी तो."